घाटातला फोन

आमच्या अंधशाळेची गाडी घाट उतरत होती. मागे नऊ मुली गात होत्या आणि चालक सदाभाऊ एका हाताने स्टिअरिंग धरून फोनवर हसत होते. वळणावर अचानक समोर ट्रक आला. त्यांनी गाडी कचकन वळवली. मुली एकमेकींवर आदळल्या.

"काही नाही गं, खड्डा होता," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "गाडी बाजूला घ्या! त्यांना दिसत नाही म्हणून खोटं बोलता?"

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि फोन माझ्याकडे दिला. प्रवासी आपला अख्खा जीव चालकाच्या हाती सोपवतात आणि या माणसाला तो एका हातात मावतो असं वाटतं!

मागून एक मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, ट्रक होता ते आम्हाला कळलं होतं. सदाभाऊ स्वतःहून सांगतील म्हणून गप्प बसलो."