तारबाबू आणि लॅपटॉपचं झबलं

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी. मी एकदा लॅपटॉपला झबलं शिवलं होतं. होणाऱ्या नातवंडासाठी जुन्या मऊ पातळाची सहा झबली शिवली, कापड उरलं, आणि उरलेलं कापड टाकून देणं माझ्या रक्तात नाही. टीव्हीला पडदा होता, मिक्सरला झगा होता, फ्रीजच्या मुठीला मोजा होता. मग लॅपटॉपनंच काय पाप केलं होतं? आत कापसाचा पातळ थर, कडेला घट्ट इलॅस्टिक, कोपऱ्यात भरतकामाचं पिवळं बदक. तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. त्या झबल्यापायी मी एका भल्या माणसाला चारचौघांत नको ते बोलले. त्या माणसाला आम्ही सगळे तारबाबू म्हणायचो.

तारबाबूंची ओळख म्हणजे खिडकीचा गज. कोणतंही यंत्र उघडायच्या आधी ते उठून खिडकीपाशी जायचे, रंग उडालेला गज शोधायचे आणि तो मुठीत धरून जरा वेळ उभे राहायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना घेरी आली. मी साखरपाणी घेऊन धावले. ते म्हणाले, "काही नाही वहिनी, अंगातली वीज गजाले देऊन राहिलो. हे चिमुकले पुर्जे असतात, आपल्या नुसत्या हात लावण्यानं मरतात." साखरपाणी मात्र पिऊन टाकलं. नाही म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

मूळचे वर्ध्याकडचे. सगळी नोकरी रेल्वेत, सिग्नल आणि टेलिफोनच्या तारा सांभाळण्यात गेली. आमचे हेही रेल्वेतच, मालधक्क्यावर, म्हणून आमचं घर रायपूरच्या गुढियारीत आणि म्हणून ती ओळख. निवृत्त झाल्यावर तारबाबूंनी पुरानी बस्तीतल्या आपल्या घराच्या ओसरीवर टेबल मांडलं आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले. त्या दिवसांत रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि ते अंगात आलेलं होतं. चहाची टपरी राजधानी, किराणा राजधानी, केस कापायचं दुकान राजधानी. चौकाचौकात कॉम्प्युटरची दुकानं निघाली होती, आणि तिथली पोरं बिघडलेली वस्तू पाहून एकच वाक्य बोलायची, "आंटीजी, नया ले लो." तारबाबूंच्या ओसरीवर पाटी नव्हती. एक स्टूल होतं आणि एक प्रश्न होता, "कालपर्यंत काय चालू होतं, ते सांगा." बिघाड काय, हे ते नंतर विचारायचे.

आमच्याकडे त्यांचं काम निघालं ते असं. लेक सिंगापूरला, दिवस भरत आलेले, आणि मी बाळंतपणाला जाणार म्हणून तिकीट काढलेलं. त्याच आठवड्यात हे माळ्यावरून लेकीचा जुना पाळणा काढायला स्टुलावर चढले आणि पडले. जो पाळणा कधीच सिंगापूरला जाणार नव्हता, त्याच्यासाठी मांडीचं हाड मोडून घेतलं. मागच्या खोलीत पलंगाला खिळले, पायाला वजन बांधलेलं, दीड महिना हलायचं नाही. माझं तिकीट रद्द. लेकीनं फोनवर समजूत घातली की बारसं लॅपटॉपवर दाखवू, बाबा तिथूनच नाव ऐकतील. जावई मागच्या खेपेला आपला जुना लॅपटॉप ठेवून गेले होते. पण इंटरनेटची पेटी पुढच्या खोलीत फोनजवळ, हे मागच्या खोलीत, आणि लॅपटॉपचं वायरलेस कार्ड मेलेलं.

तारबाबू म्हणाले, लांब वायर टाकून देतो, एका तासाचं काम आहे. मी नाही म्हटलं. सांगितलं असं की वायरीत कोणी अडकून पडेल, घरात एक मोडकं माणूस पुरे आहे. खरं कारण वेगळं होतं. शेजारच्या साहू दीदींकडे बिनवायरचं इंटरनेट आलं होतं आणि त्या येता-जाता मला ते ऐकवायच्या. तारबाबूंनी माझ्याकडे पाहिलं, बहुतेक सगळं समजले, आणि "हव" म्हणाले. छत्तीसगढीतला हा होकार त्यांनी चाळीस वर्षांत असा उचलला होता की मराठी बोलतानाही मध्येच टाकायचे.

नागपूरहून कार्ड आलं. विड्याच्या पानाएवढंही नाही. तारबाबूंनी गज धरला, मग मला एक ताट मागितलं. मी ताटात पोहे वाढून आणले, वर शेव, बाजूला लिंबू. त्यांनी पोहे खाल्ले, ताट स्वतः धुऊन पुसलं, त्यात कॅलेंडरचं पान उलटं ठेवून लॅपटॉपचा आकार काढला आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रावर जिथल्या तिथे ठेवत गेले. बॅटरी काढली, पोटावरचं झाकण उघडलं, मेलेलं कार्ड उचललं. दोन केसांसारख्या तारा होत्या, एक काळी, एक पांढरी, त्या नव्या कार्डाच्या दोन टिकल्यांवर नखानं दाबून बसवल्या. "वहिनी, बिनवायरच्या पोटातबी वायरच असते," एवढंच म्हणाले, पण त्यांना मनातून फार बरं वाटलेलं दिसलं.

मग सीडी घालून कार्डाची ओळख लॅपटॉपला करून दिली आणि पासवर्ड ठेवायला सांगितला, कोणाला कळू द्यायचा नाही म्हणून बजावलं. मी तो एकेक अक्षर करून मागच्या खोलीत ह्यांना ओरडून सांगितला. साहू दीदी गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. दुसरा पासवर्ड ठेवावा लागला.

पण लॅपटॉप चालला. पुढच्या कडेला एक निळी बत्ती लागली आणि ह्यांच्या छातीवर ठेवलेल्या पडद्यावर लेकीचं तोंड आलं. चार दिवसांची नात दिसली, म्हणजे दुपट्यातून एक नाक दिसलं. हे म्हणाले, नाक आमच्या घराण्याचं आहे. त्या आनंदात मी लॅपटॉपला झबलं चढवलं आणि कपाटात निजवलं.

दुसऱ्या दिवशी झबलं उतरवलं तर बत्ती नाही, इंटरनेट नाही. तारबाबू स्कूटरवरून आले, गज धरला, कडेवर अंगठा फिरवला, बत्ती लागली. मला विचारलं, याला पुढून कोणी हात लावतं का. मी फणकाऱ्यानं सांगितलं की माझ्या घरात याला कोणी बोट लावत नाही. त्यांनी ते खरं धरलं. रेल्वेत सिग्नलच्या केबिनवाल्यानं खटका ओढला नाही म्हटलं की खटक्यातच दोष शोधायचा, अशी त्यांची सवय. कडेला एक तांदळाएवढं सरकतं बटन आहे हे मला दिसलंच नव्हतं, कारण परक्या माणसासमोर चष्मा लावायची मला लाज वाटायची. छप्पन्नाव्या वर्षी. कोणाला भुलवायचं होतं, देव जाणे.

ते लॅपटॉप घरी घेऊन गेले. झबलं मी धुवायला काढून ठेवलं होतं, म्हणून लॅपटॉप तसाच गेला. त्यांच्याकडे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालला, एकदाही अडला नाही. परत आला, मी धुतलेलं झबलं घातलं, सकाळी काढलं, पुन्हा मेला. माहेरी ठणठणीत आणि सासरी आली की डोकं दुखतं, अशा सुनेसारखी त्याची गत. तारबाबूंनी कार्ड बदललं. स्वतःहून, नवं. तेही दुसऱ्या सकाळी मेलं.

बारसं तीन दिवसांवर आलेलं. हे पलंगावरून रोज एकच विचारायचे, "दिसेल ना गं?" पाय मोडला तेव्हा न कण्हलेला माणूस, पण हे विचारताना आवाज चोरायचे. मी आतून पेटलेली होते. तारबाबू तिसऱ्यांदा आले, कडेवर अंगठा फिरवून बत्ती लावली, मग झाकणाचे स्क्रू ताटात काढून विचार करत बसले, तेव्हा साहू दीदी समोर होत्या. मी म्हटलं, "जन्मभर तारा ओढणाऱ्या माणसाला बिनवायरचं काय कळणार? आम्हीच मूर्ख."

तारबाबूंनी ताटातले स्क्रू गोळा केले. त्या दिवशी चित्रावरून नाही, नुसते ओंजळीनं, आणि जागेवर पिळून टाकले. म्हणाले, "हव." आणि गेले. संध्याकाळी साहू दीदींनी तारबाबूंकडे दुरुस्तीला द्यायचा काढून ठेवलेला कॉम्प्युटर चौकातल्या दुकानात दिला. माझा शब्द पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, माझ्याआधी पोचला होता.

बारशाच्या सकाळी घर बायकांनी भरलं. सिंगापूरचं बारसं गुढियारीत, हे बघायला कोण येणार नाही? घुगऱ्या वाटून झाल्या, दहाला लेक पडद्यावर येणार होती. साडेनऊला दारात तारबाबू. इस्त्रीचा शर्ट, हातात ती जुनी पिशवी. बोलावलं कोणी नव्हतं. म्हणाले, टेस्टिंग राहिली होती. त्यांनी आज गज धरला नाही, स्टूल घेऊन माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुमी रोज जसं काढता न, कपाटापासून, तसंच काढून दाखवा. मी हात नाही लावत."

मी कपाट उघडलं. लॅपटॉप मांडीवर घेतला. बदकाकडून झबल्याची कड धरून, बाळाचं उतरवावं तसं, हलकेच ओढलं. इलॅस्टिक पुढच्या कडेवरून घासत गेलं. तारबाबूंची मान अर्धा इंच पुढे आली. एक खट् आवाज झाला, इतका बारीक की बायकांच्या गलक्यात मलाही ऐकू आला नाही, पण ज्यानं जन्मभर खटक्यांचे आवाज ऐकले त्याला आला.

मी डोळे मिटून घेतले, कारण बत्ती नसणार हे मला ठाऊक होतं. साहू दीदी म्हणाल्या, "आज फिर नहीं चला न?" तारबाबू उठले, बायकांकडे पाठ करून लॅपटॉप हातात घेतला, अंगठा फिरवला. निळी बत्ती. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मेरी ही एक सेटिंग रह गई थी, दीदी. हो गया." आणि लॅपटॉप नेऊन ह्यांच्यासमोर ठेवला.

दहा वाजता पाळणा दिसला. जावयाच्या बहिणीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग लेकीनं बाळाला कॅमेऱ्याजवळ आणलं आणि म्हणाली, बाबा, आता तुम्ही सांगा. हे मानेखाली उशी सारून उठायला बघत होते, पायाचं वजन खणखणलं. तोंड पडद्याला लावून त्यांनी "रेवती" म्हटलं आणि पुढचा अर्धा तास उपरण्यानं चष्मा पुसत बसले. मीही त्या दिवशी सगळ्यांसमोर चष्मा लावला. नात चष्म्यातून फारच चांगली दिसत होती.

तारबाबू घुगऱ्या खाऊन निघाले. मी फाटकापर्यंत गेले, तेव्हा त्यांनी पिशवीतून झबलं काढलं. कधी उचललं होतं कळलंच नाही. इलॅस्टिकवर बोट ठेवून त्यांनी दाखवलं, हे इथं बटनाला अडतं आणि ते बंदकडे सरकतं. रोज सकाळी, माझ्याच हातानं.

त्यानंतर आठ दिवस मी पाऱ्यात घरोघर जाऊन आपल्याच मूर्खपणाची दवंडी पिटली, झबलं हातात घेऊन, प्रात्यक्षिकासह. साहू दीदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि पुढचा कॉम्प्युटर ओसरीवर गेला. तारबाबू आणखी सात-आठ वर्षं रायपुरात होते. मग गुडघे थकले, लेकाकडे वर्ध्याला गेले, आणि एका दुपारी तिकडून फोन आला की तारबाबू गेले. ह्यांनी फोन ठेवला आणि मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. अजूनही धरते. ह्यांच्यावर, मोलकरणीवर, कोणावर तोंड सोडायची लहर आली की आधी गज. रेवती आता कॉलेजात जाते, सुट्टीत रायपूरला आली की विचारते, आजी, ये क्या कर रही हो? मी सांगते, अंगातली वीज देऊन राहिले.

पण त्या दिवशी फाटकापाशी मला ते कुठलं सुचायला. मी शरमेनं लाल होऊन एवढंच विचारलं की सगळ्यांसमोर स्वतःवर का घेतलं, माझं नाव का नाही सांगितलं. तारबाबूंनी स्कूटरला किक मारली, ती लागली नाही. दुसरी मारायच्या आधी झबलं माझ्या हातात देत म्हणाले,

"बारशाची गाडी सिग्नलले उभी होती न, वहिनी, ते पहिले पास कराची होती. चूक कोनाची ते पाह्याले आता सारा दिवस पडला हाये. तुमी एक करा, बटन येते तिथं याले एक काज करून टाका. बदक चांगलं आलं आहे, त्याले नका उसवू."