बिल्डची बडबड

आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसात चार लोक बसले की कोणीतरी बिल्डचा किस्सा काढतोच. मग दुसऱ्याला त्याहून वैतागवाणा आठवतो, आणि चहा थंड होतो!

आम्ही अॅम्ब्युलन्स बोलावण्याचं सॉफ्टवेअर करतो. बदल केला की सगळा प्रोग्रॅम पुन्हा जोडून तयार करायचा, तो बिल्ड. तो चालू झाला की स्क्रीनवर हजारो ओळी धो धो वाहतात. ही फाइल झाली, ती झाली, ही वॉर्निंग, ती वॉर्निंग. त्यात खरी चूक शोधता शोधता डोळे फुटायची वेळ येते.

*

प्रमोदभाऊ आमचे सीनियर. एकदा बिल्ड फसला. मी विचारलं, "भाऊ, एरर कुठाय?"

"वर गेला."

"कधी?"

"आत्ताच. डोळ्यांदेखत गेला!"

चहा घेऊन आलेल्या मंदाबाई दारातच थबकल्या. "अगाई! कोन गेला जी?"

*

'अमुक फोल्डरमध्ये शिरतोय', 'अमुक फोल्डरमधून बाहेर पडतोय' अशाही ओळी यायच्या. साहेब एकदा मागे उभे राहून बघत होते.

"हे सारखं आत-बाहेर काऊन करून राह्यलं? काम कवा करते?"

प्रमोदभाऊ म्हणाले, "आपल्याच ऑफिसात शिकलं, साहेब!"

*

शेवटी वैतागून मी माझ्या शेजारच्या रोशनला म्हटलं, "याला गप्प कर बाबा!" पठ्ठ्यानं सगळंच आउटपुट बंद केलं. चुकांसकट! तीन दिवस काय शांतता! चौथ्या दिवशी कळलं, बिल्ड रोजच फसत होता आणि टेस्टिंगला जुनाच प्रोग्रॅम जात होता.

प्रमोदभाऊ भडकले. "तुले तोंड बंद कर म्हटलं होतं, गळा दाब नाई!"

*

मग नीट केलं. बडबड सगळी एका फाइलीत, स्क्रीनवर फक्त वॉर्निंग आणि चुका. आमचं सॉफ्टवेअर बसवायला एटापल्लीच्या दवाखान्यात गेलो, तिथल्या डॉक्टरसाहेबांसमोर बिल्ड लावला. स्क्रीन शांत.

"बंद पडलं काय?"

"नाही सर, चालू आहे."

"मले तर काई दिसून नाई राह्यलं."

रोशननं जुनी बडबड पुन्हा सुरू केली. ओळी धावायला लागल्या. डॉक्टर खूश! "हां, आता कसं काम होऊन राह्यलं!"

मी कपाळाला हात लावला.

*

परत आल्यावर आम्ही एकेक वॉर्निंग निस्तरत गेलो. शेवटी एकच उरली, जिवती तालुक्यासाठी प्रोग्रॅममध्ये जोडलेल्या नव्या भागातली: अॅम्ब्युलन्स ड्रायव्हरचा मोबाइल नंबर दिलेल्या जागेत मावत नाही, कापला जाईल. रोज येत होती. हजारो ओळींत रोज वाहून जात होती.

जिवतीचे ड्रायव्हर लच्चूभाऊ दोन महिने सांगत होते, "कॉल येत नाई." आम्ही म्हणायचो, "टॉवर नसेल."

प्रमोदभाऊंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "लाव त्याले फोन."

मी लावला. चूक आमचीच होती, हे सांगितलं. "लच्चूभाऊ, मग दोन महिने तुम्ही काय केलं?"

"काय करू मॅडम? कॉल येत नाई म्हणून रोज सकाळी गाडी घेऊन गावोगाव जाऊन राह्यलो. विचारतो, 'कोनाले दवाखान्यात जायचं हाये का?'"