एकाच डब्यातल्या दोन डिस्का

१० मे २००३, शनिवार. लग्नाच्या शूटिंगची आगाऊ रक्कम मिळाली, साडेतीन हजार. हजर : मी, माझी बायको, मुलीचे वडील आणि त्यांचे दोन मुलगे. "सगळं दोन ठिकाणी ठेवतो, काही जाणार नाही," असं मी त्यांना सांगितलं.

तेलगावात आमच्या घरी पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असे. शूटिंग एका हार्ड डिस्कवर उतरवायचं, दुसरीवर त्याची नक्कल करायची आणि कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. दोन्ही डिस्का कॉम्प्युटरच्या एकाच डब्यात, एकाच वायरीवर होत्या.

लग्नानंतर चौथ्या दिवशी गल्लीतली लाइट गेली. आमच्याकडे वायरमनची वाट कोण पाहतो? एकजण बांबू घेऊन डीपीवरचा फ्यूज बसवायला गेला आणि न्यूट्रलची तार तोडून आला. घराघरात दुप्पट दाबाने वीज घुसली. बल्ब पांढरेफेक होऊन फुटले. कॉम्प्युटरमधून धूर निघाला. दोन्ही डिस्का जळाल्या. आता माझी नक्कल चौसाळ्याला मेहुण्याच्या कपाटात, विजेपासून लांब असते.

त्याच आठवड्यात मुलीचे वडील ट्रकखाली सापडून गेले. चालताना-बोलताना ते फक्त त्या शूटिंगमध्येच उरले होते.

मुलगे आले.

"दोन ठिकानी ठिवतो म्हनलते ना काका? दावा की दुसरं."

मी डबा दाखवला. धाकटा हसला.

"ह्येच्यातच दोनी? लई शाना हायेस बे!"

कॅमेऱ्याचा लोखंडी स्टँड उचलून त्याने माझ्या हातावर घातला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. दुसरा घाव तोंडावर बसला, दोन दात गेले. तिसऱ्यासाठी स्टँड वर गेला तेव्हा बायकोने त्याचं मनगट कडाडून चावलं. रक्त आलं, तेव्हा कुठे स्टँड सुटला. थोरल्याने त्याला ओढत बाहेर नेलं.

पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याने तसल्याच डिस्कचं सर्किट काढून माझ्या डिस्कला बसवलं. एक उघडली. हात गळ्यात बांधून मी त्यांच्या घरी त्यातलं शूटिंग उतरवलेली कॅसेट नेली. पडद्यावर त्यांचे वडील, बुंदी कमी वाढली म्हणून वाढप्याच्या कानफटात मारत होते.

"असाच व्हता," थोरला म्हणाला. "पुन्ना लावा काका."

पुण्याला नऊ हजार मी दिले. आगाऊ रक्कम त्यांनी परत मागितली नाही. हाडाच्या डॉक्टरचे अकराशे थोरल्याने परस्पर भरले. दातांचे कोणी दिले नाहीत.