रुमालाखालचं उत्तर

धुळ्याच्या मॅडमना त्यांच्याच विभागाच्या साहेबांनी फसवलं, आणि त्यांच्याबरोबर माझ्या मुलीलाही फसवलं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण मी बैलबाजारातला दलाल आहे आणि जनावराची खोड गिऱ्हाइकाला आधी सांगावी असा माझा नियम आहे. हा नियम मी कधी पाळला नाही असं पाचोऱ्यात काही लोक म्हणतात. ते बैल घेऊन गेलेले लोक आहेत, त्यांचं मनावर घेऊ नका. तर मॅडम. भुसावळपासून साक्रीपर्यंत अख्ख्या खानदेशात इतकी चिवट, इतकी विसराळू आणि गप्प बसण्यात इतकी तयार बाई दुसरी झाली नाही. गप्प बसणाऱ्यांची मला पारख आहे. समोरचा माणूस आधी तोंड उघडेल, याची वाट बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे आणि त्यावरच मी घर बांधलं आहे. पण मॅडमसमोर मी सपशेल हरलो.

धुळ्याच्या एका कॉलेजात त्या संशोधन करत. ज्या मुलांची वाढ इतरांसारखी होत नाही, ज्यांना बोलायला, शिकायला जड जातं, अशी मुलं मोठी झाल्यावर त्यांना काय हवं असतं, हा त्यांचा विषय. माझी कोमल त्यातली. विशीची आहे, सगळं ऐकते, सगळं लक्षात ठेवते, पण बोलते मोजकं. तेही तिला वाटलं तर. मॅडमच्या त्याच साहेबांचा सल्ला घेऊन चालणारी एक संस्था या मुलांसाठी काहीतरी उभारणार होती. धुळ्याला वसतिगृह बांधायचं की प्रत्येक तालुक्याच्या गावी दिवसभराचं केंद्र काढायचं, जिथे ही मुलं काम करतील आणि संध्याकाळी घरी येतील, हे मॅडमच्या संशोधनावरून ठरणार होतं. निदान आम्हाला तसं सांगितलं होतं.

पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मी अंगणात फोनवर एका व्यापाऱ्याची आई-बहीण आठवत होतो. मॅडम माझ्यावरून गेल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या माझ्या बायकोवरून गेल्या आणि खाटेवर शेंगा फोडत बसलेल्या कोमलसमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कोमल, मी धुळ्याहून आले आहे. तुझ्या घरी बसू का?" कोमलने वर बघितलं नाही. बायको म्हणाली, "बसा ना मॅडम, उभ्या कसाले?" मॅडम म्हणाल्या, "कोमलला विचारलंय, अक्का." आणि उभ्याच. माझा फोन संपला, व्यापारी नमला, बायकोचं पाणी गरम झालं, मॅडम उभ्याच. शेवटी कोमल शेंगांचं सूप घेऊन थोडी सरकली. मॅडम बसल्या आणि लॉटरी लागल्यासारख्या हसल्या.

त्यांचं सगळं असंच. एक प्रश्न विचारायचा आणि मग थांबायचं. आपण थांबतो तसं नाही, की थांबलो आणि मनात पुढचं वाक्य जुळवतोय. त्या नुसत्या थांबत. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, शेजारीण डोकावून, कोण आलंय म्हणून, "कोन उनं शे वं?" विचारून जायची, लाइट जायची आणि यायची, मॅडम कोमलकडे बघत बसलेल्या. घरातल्या माणसांना ते सहन होत नसे. बायको तर अशी चुळबुळायची, जणू तिची बस सुटतेय. "तुला खायला काय आवडतं?" असं मॅडमनी विचारलं की बायको चार मोजायच्या आत, "तिले शेवभाजी आवडस मॅडम, बठ्ठासपेक्षा शेवभाजी." मॅडम शांतपणे म्हणायच्या, "अक्का, तुमचं कळलं. तुम्हाला शेवभाजी आवडते. आता कोमलचं." बायको पदर तोंडाला लावून आत जायची आणि आत जाऊन माझ्या नावाने भांडी आपटायची, जणू मॅडमना मी जन्म दिला होता.

गल्लीतली कोणी बाई "बिचारी पोर" म्हणाली की मॅडम गंभीर होऊन विचारायच्या, "का, ताप आलाय का तिला?" बाई म्हणायची, तसं नाही हो. "मग जुलाब?" तसंही नाही. "मग बिचारी का?" पुढच्या खेपेला ती बाई मॅडमना बघून गल्ली बदलायची. त्यांच्या खांद्याला एक भलीमोठी पिशवी असे, तीत घंट्या, चमचे, रंगीत चिंध्या, बाटलीची झाकणं, मिरचीचा डबा, असा भंगारवाल्याला शोभेल असा माल. बोलता न येणाऱ्या मुलांनी हातात धरून "हे हवं, हे नको" सांगावं म्हणून. एकदा भडगावला जायच्या बसमध्ये ती पिशवी सांडली आणि कंडक्टरला वाटलं बाई जादूचे प्रयोग करतात. त्याने पुढच्या सीटवर बसवून घेतलं. मॅडम त्याच्या पोराच्या अभ्यासावर बोलत बसल्या आणि भडगाव मागे राहिलं. हे त्यांनी मला असं सांगितलं, जणू भडगावच जागेवरून सरकलं होतं.

आणि घासाघीस? मला सांगताना लाज वाटते. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी भरताची वांगी विकणाऱ्याने सांगितला तो भाव दिला. वर विचारलं, "तुम्हाला परवडतं ना?" तो माणूस असा गोंधळला की त्याने दोन वांगी जास्तीची घातली. मी घरी येऊन जेवलो नाही.

पण त्यांचं एक काम अडलं होतं. कोमलला काहीही विचारा, ती आधी आईच्या तोंडाकडे बघायची. आईच्या तोंडावर "हो" दिसलं की मान हलवायची, "नाही" दिसलं की दुसरीकडे बघायची. बायकोला आत पाठवलं तर ती दाराआड उभी राहायची आणि कोमल दाराकडे बघायची. बायकोला मंदिरात पाठवलं तर कोमल माझ्याकडे बघायची. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, घराघरात हेच आहे. मी मुलांना विचारते आणि उत्तर आईबापांचं मिळतं." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला होता.

मग एका बाजाराच्या दिवशी माझी कसलीशी सही घ्यायला त्या थेट बैलबाजारात आल्या. मी सौद्यात होतो. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोन्ही हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. किती बोटं धरली, मूठ धरली की पंजा, त्यावर भाव. भोवती पंचवीस माणसं माना लांब करून उभी, आणि कळतं फक्त दोघांना. माझा चेहरा त्या वेळी उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखा असतो. सौदा झाला, रुमाल झटकला, आणि बघतो तर मॅडम तोंड उघडं ठेवून उभ्या.

"भाऊ, इतक्या लोकांसमोर झालं आणि कुणालाच कळलं नाही?"

"कळलं तर तो सौदा कसला, मॅडम."

"तुमच्या चेहऱ्यावर पण काही नव्हतं."

"चेहऱ्यावर दिसलं असतं तर मी आज तुमच्यासारखी वांगी घेत असतो."

त्यांनी माझा टोमणा ऐकलाच नाही. माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि घराकडे चालू लागल्या. सही राहिली ती राहिलीच.

घरी त्यांनी आपला आणि कोमलचा हात रुमालाखाली घेतला. एक बोट धरलंस तर हो, सगळी मूठ धरलीस तर नाही, हे खेळाखेळात शिकवायला त्यांना कितीतरी खेपा लागल्या, पण कोमलला तो खेळ आवडला, कारण तिच्या लहानपणी मी तिच्याशी असाच खेळायचो. पहिला खरा प्रश्न होता, दूध की चहा. आमची कोमल जन्मापासून दूध पिते. मॅडमनी दूध म्हटलं, थांबल्या. चहा म्हटलं, थांबल्या. पुन्हा उलट क्रमाने विचारलं. दुसऱ्या दिवशी येऊन परत विचारलं. मग माझ्या बायकोला म्हणाल्या, "अक्का, कोमल म्हणते तुम्हाला सांगायला हरकत नाही. तिला चहा हवा." बायकोने चहा केला, कोमलने फुर्रकन प्यायला आणि कप पुढे केला. बायको आठवडाभर मॅडमशी बोलली नाही. "मनी पोर मनापासून दूध पेत होती," एवढंच म्हणायची, आणि दिवसातून दोनदा तिच्यासाठी चहा टाकायची.

मग वसतिगृहाचा प्रश्न आला. आम्ही दोघांनी मॅडमना आमचं उत्तर कधीच दिलं होतं: हो. आम्ही काय जन्माला पुरणार आहोत? धुळ्याला चांगली इमारत होणार, दोन वेळचं जेवण, देखभाल. कोणत्याही आईबापाला विचारा, ते हेच सांगतील. मॅडमनी कोमलला विचारलं तेव्हा मी ओट्यावर होतो. रुमाल हलला. मग बराच वेळ हलला नाही. मॅडमनी हात काढला तेव्हा बोटं लाल झाली होती.

"काय म्हणाली?"

"ते तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल."

मी दलाल आहे. मी त्यांना गावरान तूप देऊ केलं. पाटीभर वांगी देऊ केली. रागावलो, पोर माझी आहे म्हणालो, उद्यापासून येऊ नका म्हणालो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि चपला शोधू लागल्या. एक सापडली, दुसरी पिशवीत निघाली. जाताना म्हणाल्या, "तुमच्या बाजारात तिसऱ्याला भाव सांगतात का हो?"

संध्याकाळी कोमल स्वतः रुमाल घेऊन आली. माझ्या हातावर टाकला, खाली हात घातला. मी विचारलं, "वसतिगृहमा जानं शे?" तिने माझी मूठ धरली. मी म्हणालो, मोठा टीव्ही आहे तिथे. मूठ. मैत्रिणी मिळतील. मूठ. रोज चहा. थोडी थांबली, खोटं कशाला सांगू, पण मूठ. मग मला सुचेना म्हणून विचारलं, "मंग आठेच, आपला गावमा काम करशी? बाजारमा, लोकसमा?" तिने एक बोट धरलं आणि सोडेना. इतकी वर्षं मी लोकांना वाकवलं. त्या दिवशी रुमालाखाली मी वाकलो, आणि माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं.

मॅडम मग माझा तोच रुमाल घेऊन पाचोरा, भडगाव, धुळे असं घरोघर फिरल्या. कुणाला रुमाल चालला, कुणाला घंट्या-चमचेच बरे वाटले. प्रत्येकाला उलटसुलट, वेगवेगळ्या दिवशी विचारलं. बहुतेक पोरांना आपल्याच गावात राहून काम करायचं होतं.

शेवटी धुळ्याला सभा झाली. कोमल नवा ड्रेस घालून आली होती. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, सर्व कुटुंबांचा कौल वसतिगृहाला आहे. मागे पडद्यावर इमारतीचं चित्र आलं. रंगसुद्धा ठरला होता. मला धंद्यातलं कळतं. इतकं पक्कं चित्र सौद्यानंतर निघत नाही, आधीच काढलेलं असतं.

मॅडम उठल्या. "सर, मुलांचा कौल?"

"मॅडम, रुमालाखालची उत्तरं संशोधनात धरता येत नाहीत." पुढच्या रांगेतले हसले.

"मग वर्षभर विचारायला मला का पाठवलंत?"

आणि त्या गप्प उभ्या राहिल्या. तेच थांबणं. पंखा कुरकुरत होता. साहेबांनी पाणी प्यायलं, कागद सारखे केले, माइक पुसला. दलालाच्या नजरेने सांगतो, माणूस आणखी अर्ध्या मिनिटात मोडला असता. पण तो म्हणाला, "चला, चहाची वेळ झाली," आणि सगळी सभा उठली. मी उठलो नाही. मी म्हणालो, "साहेब, रुमालाखाली ठरलेला भाव मी उद्या नाकारला तर मला बाजारात कोणी उभं करत नाही. तुमच्याकडे चालतं का?" तेव्हा दोन शिपायांनी मला दारापर्यंत पोचवलं. मीही त्यांना पायरीपर्यंत ऐकवलं.

मॅडमच्या नेमणुकीची मुदत वाढवली नाही. त्या आता लांब, विदर्भाच्या पार टोकाला नोकरी करतात. गेल्या तेव्हा छत्री आणि मिरचीचा डबा आमच्याकडे विसरल्या. बायको डब्यातल्या मिरच्या बदलून ठेवते, न सांगता. कधीतरी त्यांचा फोन येतो. माझी खुशाली विचारत नाहीत, "कोमलला द्या" म्हणतात. मी फोन तिच्या कानाला लावतो. तिकडून त्या काहीतरी विचारतात आणि मग दोघीही गप्प. फोनवर इतका वेळ गप्प बसणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत. मग कोमल हसते, आणि ती का हसली ते मला कोणी सांगत नाही.

वसतिगृहाचा पाया भरला आहे. पाचोऱ्याला केंद्र निघालं नाही. कोमल माझ्याबरोबर बाजारात येते, बैलांना पाणी दाखवते, आणि बाजारातले लोक तिला नावाने हाक मारतात. पण मी गेल्यावर तिला त्या बाजारात कोण आणणार, या प्रश्नाने माझी झोप जाते, आणि त्याचं उत्तर, म्हणजे पाचोऱ्याचं केंद्र, तयार होत आलं होतं. म्हणून साहेब, विचारतो: या सगळ्या पोरांनी जे सांगितलं, ते तुम्ही कोणाला विचारून फेकून दिलं? मला सांगू नका. मी तापट माणूस आहे, मी भांडेन. पाचोऱ्याला या, कोमलसमोर बसा आणि तिला सांगा.