मीच काढलेला पेपर

मला स्ट्रोक आला तो कंपनीच्या कँटीनमध्ये, सांबार वाढून घेताना. डाव हातातून खाली पडला, तो उचलायला वाकलो, तर उजवा हात कुठे आहे तेच कळेना. इरुंगाट्टुकोट्टैच्या त्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणारे पिस्टन माझ्या टेबलावर यायचे. मी ते मापायचो, आणि पास किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचो. बरोबर जेवणाऱ्यांनी जराही वेळ न घालवता मला गाडीत घातलं, म्हणून थोडक्यात निभावलं असं डॉक्टर म्हणाले. महिन्याभरात चालायला लागलो, तीन महिन्यांत हात वळायला लागला. जे गेलं होतं ते बाहेरून दिसत नव्हतं.

गेल्या होत्या त्या भाषा. मी मूळचा सांगलीकडचा. घरी मराठी, कारखान्यात तमिळ आणि कागदावर इंग्रजी, असं माझं वीस वर्षं सुरळीत चाललं होतं. स्ट्रोकनंतर दुसऱ्या आठवड्यात मराठी परत आली आणि तिच्यामागून कोणी आलंच नाही. नर्स तमिळमध्ये काही विचारायची, मी उत्तर द्यायचो, आणि ती गोंधळून माझ्या बायकोकडे बघायची. मी तमिळ बोलतोय अशी माझी खात्री असायची. बायको हळूच सांगायची, "अहो, मराठीत बोलताय तुम्ही." इंग्रजीतली अक्षरं ओळखू यायची, पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिची सुरुवात पुसली गेलेली असायची. आकड्यांचं तर विचारूच नका.

पाचव्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. बायकोनं ते वाचून दाखवलं. तब्येत कामाला योग्य असल्याचा दाखला मिळाला आहे, परंतु जुन्या जागेवर रुजू होण्याआधी मूलभूत कौशल्यांची परीक्षा द्यावी लागेल. वाचन, गणित आणि लेखन. तिन्ही भागांत पास झालो तर इन्स्पेक्टर, नाहीतर व्यवस्थापन ठरवेल ते.

ते ऐकताना मला आधी हसू आलं आणि मग मानेपासून खाली घाम फुटला. ही परीक्षा मला चांगलीच ठाऊक होती. नव्यानं भरती होणाऱ्यांसाठी ती घेतात. तिच्यातला गणिताचा भाग मीच काढलेला होता. बरीच वर्षं दर बॅचचे पेपरही मीच तपासत आलो होतो. एकदा एका मुलीनं चार गणितांत दशांश चिन्ह चुकीच्या जागी दिलं होतं. मी लाल पेनानं तिच्या पेपरावर लिहिलं होतं की हिचा पायाच कच्चा आहे. तिला घेतलं नाही. ती बाहेरच्या बाकावर बसून रडत होती, आणि मी तिच्यासमोरून चहाला गेलो होतो. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आता गणिताची वही उघडली की ती बाकावर बसलेली दिसायची.

पहिल्या संध्याकाळी बायकोनं माझा अभ्यास घ्यायचा प्रयत्न केला. ती नुंगंबाक्कमला एका ऑफिसात काम करते, दमून आलेली होती. तिनं दहा आकडे सांगितले आणि मी लिहून दिले. वहीकडे बघून ती उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू राहिला. दहांपैकी सात आकडे मी उलटे लिहिले होते. त्यानंतर तिच्यासमोर वही उघडायचीच मला भीती वाटायला लागली.

वेस्ट मांबलममध्ये आमच्या खालच्याच फ्लॅटमध्ये एक बाई एकट्या राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, पण तमिळ शाळेत तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलेलं. त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांची मराठी आपल्या मराठीहून जुनी आहे. 'मला'च्या जागी 'मज' म्हणतात, मध्येच तमिळ शब्द येतात आणि वाक्य तमिळसारखं हेल काढत संपतं. देवनागरी त्यांना वाचता येत नाही. बायकोनं त्यांना काय सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्यांनी मला खाली बोलावून घेतलं.

मी पायऱ्या उतरायला लागलो. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, आणि पहिलीच्या बाईंसमोर निघालेला. अक्कांनी समोर पाट ठेवला, त्यावर पाटी ठेवली. माझी कीव वगैरे केली नाही. पंचवीस लिहायला सांगितलं. मी बावन्न लिहिलं. त्र्याण्णव सांगितलं, मी एकोणचाळीस लिहिलं. त्यांनी पाटी आपल्याकडे ओढली आणि खूप वेळ बघत राहिल्या.

मग त्यांनी विचारलं, "मनांत काय म्हणतोस तूं लिहितांना?"

मी म्हणालो, "पंच… वीस."

"तेंच. आधी पांच ऐकतोस, आधी पांच लिहितोस. तमिळांत म्हण. इरुबत्तंजु. आधी वीस, मग पांच."

इतकी साधी गोष्ट एकाही डॉक्टरांच्या लक्षात आली नव्हती, कारण त्यांच्यापैकी कोणी मराठीत मोजत नव्हतं. आपल्या मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक मागून येतं. धडधाकट डोकं ते नकळत फिरवून घेतं. माझं डोकं फिरवायचं विसरलं होतं. आता मला गणितासाठी तमिळ हवी होती, आणि तमिळ तर गेलेली होती. अक्कांनी ती एक ते शंभर पुन्हा शिकवली. आठ आठवडे रोज सकाळी दहा ते बारा. मी मोठ्यानं तमिळ आकडे म्हणायचो, त्या भाजी निवडता निवडता ऐकायच्या. वाचनासाठी इंग्रजी पेपरातली एकच बातमी असायची. त्या म्हणायच्या, ओळीखाली बोट ठेव, घाई करूं नको. लेखनासाठी रोज इंग्रजीत एक अर्ज. वाक्यातलं क्रियापद माझ्याकडून राहून जायचं. अक्का ते वाक्य खाली पुन्हा लिहायच्या, क्रियापदाची जागा मोकळी सोडायच्या आणि वही परत करायच्या.

सुधारणा होत होती. तरी रोज सकाळी जाग आली की पहिल्यांदा मी मनातल्या मनात पंचवीस म्हणून बघायचो, काल आलेलं आज गेलं तर नाही ना म्हणून. काही सकाळी खरंच गेलेलं असायचं.

सातव्या आठवड्यात मी एकट्यानं बाहेर पडायचं ठरवलं. मांबलमला लोकल पकडायची, एक स्टेशन सोडून नुंगंबाक्कमला उतरायचं, बायकोबरोबर जेवून परत यायचं. इतकंच. दुपारची वेळ, डबा जवळजवळ रिकामा. कोडंबाक्कम मोजून झालं. पुढच्या स्टेशनाची पाटी दिसली तेव्हा नजर इंग्रजी नावावर पडली आणि ते लांबलचक नाव माझ्यासमोर सुटं सुटं झालं. खाली देवनागरीत लिहिलेलं होतं, ते मी अक्षर अक्षर लावायला घेतलं. 'नुंगं'पर्यंत आलो आणि गाडी सुटली.

पुढच्या स्टेशनावर उतरलो, पण परतीचा फलाट कोणता ते कळेना. डावं-उजवं हेही स्ट्रोकनंतर पक्कं राहिलं नव्हतं. एका फुलं विकणाऱ्या बाईंना विचारायला गेलो. तोंडातून मराठीच बाहेर पडली. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा विचारलं, पुन्हा मराठीच. मला ऐकू येत होतं की मी मराठी बोलतोय, आणि थांबता येत नव्हतं. छाती इतकी धडधडायला लागली की वाटलं, दुसरा झटका येतोय. बाकावर बसलो. बायकोचा फोन येईपर्यंत किती वेळ गेला माहीत नाही. ती ऑफिसातून रिक्षा करून मला न्यायला आली. रिक्षात तिनं माझा हात धरला होता, तिचाही हात गार पडला होता.

दहा दिवसांनी परीक्षा होती. कंपनीच्या ट्रेनिंगच्या खोलीत मी एकटा आणि समोर एचआरमधले एक तरुण अधिकारी. वाचनाचा उतारा ओळीखाली बोट ठेवून मी दोनदा वाचला आणि उत्तरं लिहिली. लेखनात रिजेक्शनची नोंद करायची होती, क्रियापदं तपासली. मग गणिताचं पान उलटलं.

पेपर बदललेलाच नव्हता. माझीच वीस गणितं, त्याच क्रमानं. मला वाटलं होतं, निदान माझ्यासाठी तरी कोणीतरी नवीन काढला असेल. पहिल्या प्रश्नावर नजर जाताच उत्तर समोर आलं. दुसऱ्याचंही आलं. शेकडो पेपर तपासताना ती उत्तरं डोक्यात कुठेतरी खोल बसली होती, आणि तो कोपरा शाबूत होता. मी एकही बेरीज केली नाही. दहा मिनिटांत वीसच्या वीस उत्तरं लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

दुपारीच निकाल सांगितला. वाचन पास, लेखन पास, गणितात पैकीच्या पैकी. सोमवारपासून जुन्या टेबलावर. कंपनीच्या बसमध्ये जुन्या सोबत्यांनी पाठ थोपटली. मी हसत होतो. बस पूंदमल्लीच्या पुलावर आली तेव्हा मला डोळ्यांसमोर पिस्टन मापायचं व्हर्नियर दिसलं. पंचवीस पॉइंट शून्य दोन आणि पंचवीस पॉइंट वीस. एक पिस्टन बसतो, दुसरा अडकतो. अडकला की ब्रेक अडकतो. त्या गाडीत कोण बसलेलं असेल ते मला कधीच कळणार नाही. नापास व्हायची भीती मला आठ आठवडे होती. पण ही भीती तिच्याहून वाईट होती.

घरी पेढे आणलेले होते. मी एक तोंडात टाकला. सकाळी अक्कांकडे गेलो आणि पेपरात जे घडलं ते सांगितलं. त्यांनी त्यातलंच पहिलं गणित आकडे बदलून पाटीवर घातलं. मला सुटलं नाही. दुसरं घातलं, तेही चुकलं. त्यांनी पाटी पुसली.

"उत्तर येतें तुज," त्या म्हणाल्या, "गणित येईना अजून."

बायकोला सांगितलं तेव्हा ती जेवायची थांबली. कोणाला कळणार आहे, असं ती म्हणेल याची मला भीती होती, आणि तिनं तसं म्हणावं अशी इच्छाही होती. तिनं एवढंच विचारलं, की सांगितल्यावर ते काढून टाकतील का. मी म्हणालो, टाकतील कदाचित. सोमवारी तिनं रजा टाकली, आणि कंपनीच्या बसमध्ये बाहेरच्यांना बसू देत नाहीत म्हणून आम्ही दोघं दुसऱ्या बसनं गेलो.

मॅनेजरांच्या केबिनबाहेर मी अर्धा तास उभा होतो. आत गेल्यावर तयार केलेलं तमिळ वाक्य पार विसरून गेलो. शेवटी मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "सर, तो पेपर मी काढलेला होता. मला उत्तरं पाठ होती. मी गणितं सोडवली नाहीत."

ते चिडले नाहीत. पेपर बदलायचा राहिला ही आमचीच चूक, असं शेजारी बसलेल्या एचआरच्या त्या तरुण अधिकाऱ्यांकडे बघत म्हणाले. मग त्यांनी तिथंच एका कागदावर आकडे बदलून वीस गणितं घातली आणि मला पलीकडच्या टेबलावर बसवलं. मी पुटपुटत तमिळमध्ये मोजत राहिलो. वीसपैकी अकरा बरोबर आली. पास व्हायला चौदा लागतात.

मला काढलं नाही. गेज-रूममध्ये घातलं, मापायची साधनं पुसायची, जागच्या जागी ठेवायची, मागितलं ते द्यायचं. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षेला बसायची मुभा दिली. मी बसलो. पेपर कोणीतरी नवीन काढला होता. तेरा मिळाले. एका गुणानं राहिलं ते ऐकून डोळ्यात पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर त्या पाण्यात थोडी सुटकाही होती.

त्यानंतर काही दिवसांनी फोरमननं मला बोलावलं. कारखान्यात काही भाग आकड्यांनी मापतच नाहीत. त्यांच्यासाठी दोन टोकांचं गेज असतं. हिरवं टोक भोकात गेलं पाहिजे, लाल टोक जाता कामा नये. वाचायचं काही नाही, लिहायचं काही नाही. त्या टेबलावर बसशील का, असं त्यांनी विचारलं. मी एक दिवस मागून घेतला. हिरवा आणि लाल यांतही माझी गल्लत होईल का, याची त्या दिवशी घरी शंभर वेळा चाचणी घेतली, बायकोच्या ओढण्या कॉटवर पसरून.

पहिल्या दिवशी प्रत्येक भाग मी तीनदा बघितला. शेजारच्या इन्स्पेक्टर बाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं, की दर दहा भागांमागे एक तुम्ही बघा. त्या बघत होत्या, मान हलवत होत्या. शर्ट पाठीला चिकटला होता.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, कसं गेलं. मी सांगितलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत भीती वाटत होती. मग भूक लागली.