जोडीचा कोयता

बाळांनो, पावसाळ्यात आपल्याकडे धुणीभांडी करणारी बाई गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली सापडली. हात कसाबसा वाचला, पण ट्रॅक्टरचा आवाज आला की ती अजून थरथरते. अपघाताच्या जखमा आणि त्यानंतर मनात बसलेली भीती, दोन्हींवर नवे उपचार तपासणाऱ्या एका संशोधनाची माहिती मला मोबाइलवर सापडली. सगळं इंग्रजीत होतं. मी तिला समजावून सांगितलं, ती तयार झाली आणि मी तिच्यासमोरच तिथल्या नंबरवर फोन लावला, आवाज मोठा करून.

"दिवाळी ते होळी, दर पंधरा दिवसांनी संभाजीनगरला यावं लागेल," पलीकडची मुलगी म्हणाली.

बाई हसलीच. "आज्जी, दिवाळी झाली की आमी ऊसतोडीला जातो."

"यंदा नवऱ्याला एकट्याला जाऊ दे."

"एकट्याला मुकादम घेत न्हाई. कोयता जोडीचा असतो, नवरा-बायको मिळून एक. तुमी येता का माझ्या जागी?"

उन्हाळ्यात तपासा, नाहीतर फोनवर विचारपूस करा, असं मी त्या मुलीला परोपरीनं सांगितलं.

"मग त्या यात बसत नाहीत, मॅडम."

भाऊबीज झाल्यावर बाई तसल्याच ट्रॉलीत चढली, डोळे घट्ट मिटून. मोबाइलवरच्या त्या पानावर मात्र अजून लिहिलेलं आहे, सहभागी हवे आहेत.