शालनचं मशीन बंद राहणार नाही

सातारच्या दवाखान्यातून फोन आला तो गावातल्या दूध डेअरीत. निरोप घेऊन आलेला माणूस आमच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, आत येईना... तेव्हाच मी समजले. माझी धाकटी जाऊ शालन गेली. आदल्या आठवड्यात मी तिला भेटून आले होते. डोळे हळदीसारखे पिवळे, आवाज पार खोल गेलेला, आणि मला विचारते काय, "आक्का, मशीनच्या टाकीतलं पेट्रोल काढून ठेवलंय न्हवं? तसंच ऱ्हायलं तर आत चिकटून बसतंय." मी म्हटलं, "अगं, आधी जिवाचं बघ." तर म्हणाली, "जिवाचं बघायला डाक्टर हाय की. मशीनचं कोन बघनार?"

हे आधी सांगते, कारण तिचा दहावा व्हायच्या आत लोकांनी ठरवून टाकलं, की शालनला झाडांनी नेली. बाई असून झाडावर चढली, खांद्यावर मशीन घेतलं, ते भोवलं म्हणे! तर ऐका. तिला कावीळ झाली होती. पोटात उतरलेली कावीळ. त्यात झाडांना ओढू नका, आणि तिच्या मशीनलाही.

आमचं गाव कोरेगावपासून जवळ, पण शालनचं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागेतलं. छाटणीची कात्री तिच्या हाताला लहानपणापासूनची. इथं आली तर बांधावर कमरेएवढं गवत, आणि आम्ही बायका विळा घेऊन दिवसभर वाकलेल्या. एकदा माहेरी जाताना तिनं सांगलीच्या दुकानात गवत कापायचं मशीन पाहिलं, खांद्याला अडकवून चालवायचं, पेट्रोलवरचं. मग काय, भाऊजींच्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या मागं लागली, आणि आम्ही तिघं सांगलीला गेलो. दुकानदार सगळं भाऊजींना समजावतोय, आणि ही बाई एकेक मशीन अडकवून दुकानात येरझाऱ्या घालतेय! दुकानदार हसत म्हणाला, "वहिनी, मालकांना बघू द्या." शालन म्हणाली, "बघतील की. मी चालवताना बांधावर बसून बघतील." सगळ्यांत आधी भाऊजीच हसले. सगळ्यांत दणकट मशीन होतं ते तिनं घेतलंच नाही. जे खांद्याला लावल्यावर हात सोडला तरी तोल धरून राहिलं, ते घेतलं. "मशीनची ताकद काय बघायची आक्का, आपल्या कमरंची बघायची." कोवळ्या गवताला नायलॉनची दोरी आणि घाणेरीच्या खोडांना लोखंडी पातं, हे ती तिथंच शिकून आली. साडीखाली भाऊजींची जुनी पँट, पायात गमबूट, डोळ्यांवर चष्मा... पोरं मागं पळायची, बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. ती हसणाऱ्यांना हाक मारून म्हणायची, "या की, तुमाला बी शिकवते!" मी गेले. मला आलं.

पहिल्या खंडेनवमीला मात्र आम्ही दोघींनी घोळ केला. घरातली सगळी अवजारं पूजेला मांडलेली, कोयता, कुदळ, करवत. मशीनला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, आणि भक्ती इतकी दाटून आली, की नारळ फोडून त्याचं पाणी मशीनवर धार धरून सोडलं. दसऱ्याला मशीन मुकं! चुलत दीर आबा दारात येऊन म्हणाले, "बाईच्या हातात दिल्यावर रुसनारच त्ये." शालननं मशीन अंगणात घेतलं. हवा घेतो तो भाग उघडला, भिजलेली जाळी उन्हात वाळवली, प्लग घासला, आणि दोरी ओढली. पहिल्याला नाही, दुसऱ्याला नाही... मग जो धूर आला तो थेट आबांच्या धोतरावर. तेव्हापासून आमच्याकडं नारळाचं पाणी माणसंच पितात.

आणि ती चिंच! शाळेच्या कौलांवर तिची फांदी वादळानं मोडून लटकत होती. खाली पोरं बसायची. गडीमाणसं उद्या बघू म्हणत होती. शालन दोर घेऊन निघाली तर आबा आडवे आले. "बाई चढली की झाड वांझ हुतंय. आपल्यात न्हाई ते चालत." शालन म्हणाली, "मग तुमी चढा, आबा. मी दोर धरते." आबा बाजूला झाले. वर जाताना तिनं मशीन नेलं नाही, फक्त हातकरवत. फांदीला दोर बांधून दुसरं टोक खाली आमच्या हातात दिलं. आधी फांदीच्या पोटाला खालून चीर दिली, म्हणजे खोडाची साल सोलवटत नाही, आणि मग वरून कापली. कौल एक फुटलं नाही. पुढच्या साली त्या चिंचेला चिंचा लागल्या नाहीत. खोटं कशाला सांगू? लागल्या नाहीत, आणि गावानं ते तिला वर्षभर ऐकवलं. त्याच्या पुढच्या साली झाड वाकेस्तोवर लागल्या. तेव्हा मात्र कुणी एक शब्द बोललं नाही.

आता ती गेल्यावर आबा भाऊजींना सांगून गेले, "त्ये मशीन इकून टाक. अपशकुनी हाय." भाऊजी मान खाली घालून बसले. मग मला म्हणाले, "वयनी, तिला नेताना मसणवाट सगळी गवतानं बुजलेली. खांदेकऱ्यांना पाय ठेवायला जागा न्हवती. तिरडी दोनदा कलली..."

आमच्यात बायका मसणवाटेला जात नाहीत. मी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोलात तेल मिसळलं, टाकी भरली, पट्टा खांद्यावर घेतला आणि ओढ्याच्या कडेनं वाट कापायला लागले. माझं वय झालंय, पाच-पाच पावलांवर दम घेतला, पण शालनची चिता निवली त्या जागेपर्यंत बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी केली. आबा पलीकडच्या बांधावरून हात उडवत ओरडत होते, "आवं वयनी! बायकांनी हितं यायचं न्हाई!" असं कुणी ओरडलं की शालन कानावर हात ठेवून एकच सांगायची. मीही तेच ओरडले, "काय म्हनताय? मशीन चालू हाय, ऐकू येत न्हाई!"